नवऱ्याच्या माणसांची ट्रिप आणि शीटमध्ये कुठेच नसलेली मी

पत्र मोठं होतं, थोडक्यात देते.

"ताई, मी ३१ वर्षांची, पुण्यात आयटीत. नवरा आयरिश, सिंगापूरला असताना ओळख झाली, मागच्या वर्षी रजिस्टर लग्न केलं, त्याच्याकडून फक्त आईबाबा आणि बहीण येऊ शकले. आता जूनमध्ये आम्ही १४ दिवस आयर्लंडला चाललोय. तो तीन वर्षांनी घरी जातोय, इतका खुश आहे की एक्सेल शीट बनवलीये. डब्लिनला बहीण, ॲथलोनला काका, गॉलवे आणि वेस्टपोर्टला कॉलेजचे मित्र, स्लायगोला मावशी, शेवटी डोनिगॉलला ९३ वर्षांची आजी, आणि मधेमधे अजून काही. गाडी भाड्याने घेऊन १४ दिवसांत ९ घरं. ताई, मला भीती वाटतेय. गेल्या वर्षी लंडनला त्याच्या मित्रांकडे गेलो होतो, पाच तास मी सोफ्यावर बसून हसत होते, अर्धं बोलणं कळत नव्हतं, मला कोणी काही विचारलं नाही, आणि परत येताना हा म्हणतो तू गप्प होतीस, त्यांना वाटलं तू नाराज आहेस. आता तेच १४ दिवस. जाऊच नये असं वाटतं पण मग त्याचं मन मोडेल. काय करू? आणि एक वेड्यासारखा प्रश्न, आजीच्या पाया पडू का?"

अगं, प्रश्न वेड्यासारखा अजिबात नाहीये, त्याच्याकडे शेवटी येते. आधी ती शीट उघड आणि बघ त्यात तुझं नाव किती वेळा आलंय. मी पैजेवर सांगते एकदाही नाही. प्रत्येक ओळीत एक माणूस आहे ज्याला त्याला भेटायचंय, आणि त्या प्रत्येक ओळीत तू गृहीत धरलेली आहेस, बॅगेसारखी. तो वाईट आहे म्हणून नाही हं, तीन वर्षांनी घरी जाणाऱ्या माणसाला दुसरं काही दिसतच नाही. माझी मुलगी क्लेअर काउंटीत राहते, एनिसजवळ, जावई तिकडचाच, आणि मी तीनदा जाऊन आलेय, तिन्ही वेळा गाडीच्या मागच्या सीटवर बसून जावयाचे सगळे नातेवाईक फिरलेय. त्यामुळे जे सांगतेय ते स्वतः बघून सांगतेय. माणसं फार चांगली असतात, जीव लावतात, पण आपला दिवस कधी सुरू होणार, कधी संपणार, कुठे थांबणार हे दुसऱ्याच्या हातात असलं की चांगल्या माणसांमध्येही जीव गुदमरतो. लंडनलाही तुझं हेच झालं असणार. तुला माणसं नकोत असं मला पत्रात कुठेच दिसलं नाही, तुला त्या दिवसावर थोडा हक्क हवाय.

म्हणून पहिलं, गाडी तू चालव. तू लिहिलंयस की पुण्यात रोज चालवतेस पण तिकडे भीती वाटेल. का गं? आयर्लंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, युरोपातल्या बहुतेक देशांसारखं डोकं उलटं करावं लागत नाही. भेटीला आलेल्या माणसाला आपल्या लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत चालवता येते, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेव कारण गाडी भाड्याने देणारे ते मागू शकतात. आणि बुकिंग करतानाच तुझं नाव दुसरी ड्रायव्हर म्हणून टाकायला सांग, थोडे पैसे जास्त घेतात, पण द्या. स्वस्तातल्या गाड्या गिअरच्या असतात, तुला सवय आहेच.

मोटरवेला १२० ची लिमिट आहे आणि डब्लिन ते गॉलवे अडीच तासांत आरामात होतं, तिथे तू सुरुवात कर, हात बसेल. खरी मजा किंवा खरी कसोटी पश्चिमेकडच्या छोट्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती, मधे गवत उगवलेलं, समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे घ्यायची. असल्या लोकल रस्त्यांची लिमिट फेब्रुवारी २०२५ पासून ८० ची ६० केलीये, आणि ६० सुद्धा काही ठिकाणी जास्तच वाटते. मॅप दीड तास म्हणाला की दोन धर. समोरचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवतो, ते हॅलो असतं, तूही बोट उचल. मला तर तिकडचं सगळ्यात आवडलेलं हेच आहे, अनोळखी माणूस रोज बोटभर ओळख देतो.

आणि गाडी तुझ्या हातात असली की अजून एक गोष्ट आपोआप सुटते. मित्रांकडे पब आलाच, आणि तिकडे राउंडची पद्धत असते, म्हणजे प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं, त्यामुळे पाच मित्र म्हणजे पाच ग्लास, कोणालाच मधून उठता येत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, आणि रात्रीचं सकाळीही अंगात असतं हे लोक विसरतात. गावात टॅक्सी मिळेलच असं नाही. तर किती वाजता निघायचं हे चावी ज्याच्याकडे तो ठरवतो, आणि चावी तुझ्याकडे. तू पीत नसशील तर सुरुवातीलाच स्पष्ट सांग मी राउंडमध्ये नाहीये, कोणी वाईट वाटून घेत नाही, किंवा मिनरल घे, तिकडे मिनरल म्हणजे कोल्ड्रिंक, पाणी नव्हे.

आता ९ घरांचं. ९ फार होतात, हे त्याला सांगावंच लागेल. माझं मत विचारशील तर मित्रांचा भाग तुझ्या ट्रिपमधून काढूनच टाक. त्याला चार दिवस आधी जाऊ दे, गॉलवे-वेस्टपोर्टला मित्रांबरोबर हवी तेवढी जागरणं करू दे, जुन्या गोष्टी उगाळू दे, तुला तिथे नेलं तर तो अर्धा तुझ्याकडे बघत बसणार आणि तुमच्या दोघांचंही धड होणार नाही. तू नंतर डब्लिनला उतर, बहिणीकडे तुम्ही भेटा, आणि तिथून दहा दिवस घरच्यांची ट्रिप एकत्र करा. लोक म्हणतील नवराबायको वेगवेगळे कसे जातात, म्हणू देत. तू एकटी उतरणार म्हणून त्याच्याकडचं निमंत्रणाचं पत्र, परतीचं तिकीट, राहायचे पत्ते प्रिंट काढून हातातल्या बॅगेत ठेव, फोनची बॅटरी ऐन वेळी जाते. मित्रांपैकी ज्यांना तुला भेटायचंच आहे त्यांना एका संध्याकाळी गॉलवेत एकत्र बोलवा, एक जेवण, संपलं.

आणि त्या दहा दिवसांत दर दोन घरांनंतर एक दिवस कोणाचाच नाही. बी अँड बी घ्या, नातेवाईकाकडे झोपू नका. नातेवाईक म्हणतील घर असताना बाहेर कशाला, अगदी आपल्यासारखंच, तेव्हा हे त्याने बोलायचं, तू नाही. त्या दिवसाचं काय करायचं ते तू ठरव. वेस्टपोर्टवरून अकिल बेटापर्यंत जुन्या रेल्वेलाइनच्या जागी ४२ किलोमीटरचा सायकलचा रस्ता केलाय, गाड्या नाहीत, अर्धा केलास तरी मन मोकळं होतं. चढायची आवड असेल तर डोनिगॉलमध्ये एरिगल आहे, ७५१ मीटर, आपल्या सह्याद्रीच्या मानाने छोटा पण वारा असा की उभं राहू देत नाही. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस मोठा मिळतो, आणि हो, त्यामुळेच लोक उठायचं नावही घेत नाहीत, ते लक्षात ठेव.

आता एक गोष्ट जी तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात येणारच नाही कारण त्याला कधी गरज पडली नाही. डोनिगॉल आयर्लंड देशात आहे, पण डब्लिनवरून डोनिगॉलला जायचे जवळचे रस्ते नॉर्दर्न आयर्लंडमधून जातात, म्हणजे यूकेमधून. मोनाघनवरून गेलात तर पुढे ओमा लागतं, कॅव्हनवरून गेलात तर एनिस्किलन, दोन्ही पलीकडे. बॉर्डरवर ना गेट ना पोलीस. रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ पांढरी होते, पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल येतात, हिरव्या पोस्टाच्या पेट्या लाल होतात, बस. पण भारतीय पासपोर्टला मात्र फरक पडतो. तुला आयरिश व्हिसा मिळाला की त्यावर बीआयव्हीएस (BIVS, म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) अशी अक्षरं आहेत का बघ, ती असतील तर तिकडे जाता येतं, नसतील तर यूकेचा व्हिसा वेगळा लागतो, आणि कोणी अडवत नाही म्हणून जाऊन ये असं मी तुला कधीच सांगणार नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा शेंगेनचा व्हिसा असला तरी उपयोग नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीये. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जूनसाठी मार्चमध्ये, उशीर करू नका. व्हिसावर ती अक्षरं नसली तर जाताना-येताना दोन्ही वेळा स्लायगोवरून जा, डब्लिन, मलिंगार, लाँगफर्ड, कॅरिक-ऑन-शॅनन, स्लायगो, मग बंडोरन, बॅलीशॅनन. सगळं एकाच देशात, थोडं लांब पडतं पण समुद्र आणि बेनबुल्बन डोंगर बघायला मिळतो. मॅप मात्र पुन्हा पुन्हा तुम्हाला त्या जवळच्या रस्त्यावर घालायला बघेल, येताना थकलेले असता तेव्हा जास्त सांभाळा. आणि अक्षरं असली तरी भाड्याची गाडी पलीकडे नेणार असाल तर त्यांना आधी सांगावं लागतं, इन्शुरन्सचा प्रश्न असतो.

बोलणं कळत नाही हे तू लिहिलंस. कळणार नाही, पहिले तीन दिवस मलाही नाही कळलं, आणि कॉर्क, केरी, डोनिगॉल, प्रत्येकाची चाल वेगळी. पण काही शब्द आधी माहीत असले की अर्धी भीती जाते. ते 'युअर मॅन' म्हणतात तेव्हा तुझ्या नवऱ्याबद्दल बोलत नसतात, तो अमुक माणूस, एवढाच अर्थ. माझी मुलगी पहिल्या वेळी अख्खी संध्याकाळ समजत होती की सगळे तिच्याच माणसाला नावं ठेवतायत, रडवेली झाली होती. 'ग्रँड' म्हणजे भव्य वगैरे नाही, ठीक आहे. 'गिव्हिंग आउट' म्हणजे ओरडणं, रागावणं. 'आय विल, या' असं लांबवून म्हटलं की नाही करणार. आणि एकमेकांची टर उडवतात, त्याला स्लॅगिंग म्हणतात, ज्याची उडवतात तो आपला. तुझी उडवली तर समज की सोफ्यावरून आत घेतलं. पण लागलं मनाला तर रात्री नवऱ्याला सांग, गिळू नकोस.

नावांचं एक फार सोपं आहे आणि ते फक्त आपल्यालाच जमतं. आयरिश नावं इंग्रजी स्पेलिंग वाचून म्हणायला गेलीस की चुकणारच, कारण लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. तर स्पेलिंग बघूच नकोस. नवऱ्याला बसव, प्रत्येक नाव तोंडाने म्हणायला लाव आणि तू देवनागरीत लिही, शिवॉन, नीव्ह, ईफा, टायग, जसं ऐकलं तसं. आपल्या लिपीत ते जसंच्या तसं बसतं. नावासमोर कोण कोणाची आई आहे, कोणाचं काय दुखणं आहे, कोण कोणाशी बोलत नाही, कोण नुकतं गेलंय हेही लिही. या गोष्टी त्याला इतक्या माहीत असतात की सांगाव्यात हे सुचतच नाही.

आणि ही एक सवय दोघांनी लावून घ्या. प्रत्येक घराच्या आधी शेवटच्या पेट्रोल पंपावर पंधरा मिनिटं थांबायचं. तिकडे पंपावर चहा, सँडविच, टॉयलेट सगळं असतं. तिथे त्याने तुला सांगायचं की आता कोण भेटणार, आणि तुम्ही ठरवायचं किती वेळ बसायचं, आणि तुला निघायचं असेल तर तू काय म्हणशील, एखादं साधं वाक्य, जसं "आईला फोन करायचाय". तू ते म्हटलंस की त्याने अर्ध्या तासात उठायचं, का म्हणून विचारायचं नाही. आत गेल्यावर त्याचं काम एकच, ओळख करून देताना नुसतं 'ही माझी बायको' म्हणून सोडून द्यायचं नाही, एक धागा द्यायचा, मावशी बागकाम करते ना, हिच्याही गच्चीत चाळीस कुंड्या आहेत, असं काहीतरी. लंडनला तुला कोणी काही विचारलं नाही कारण काय विचारायचं तेच कोणाला माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं काम त्याचं होतं, तुझं नव्हे. हे त्याला भांडण म्हणून सांगू नको, पण सांग. "तू लंडनला चुकलास" म्हणालीस तर तो लंडनची वकिली करत बसेल. "मला तुझी माणसं खरंच ओळखायचीत आणि तुझ्याशिवाय मला दार उघडता येत नाही" असं म्हण, कारण ते खरंच आहे.

घरात गेल्यावर चहा विचारतील. आपल्यासारखंच आहे गं सगळं, आपण नको नको म्हणतो, ते पुन्हा विचारतात, आपण पुन्हा नको, मग अर्धा कप म्हणत पूर्ण घेतो. तिकडेही तसंच, एकदा नको म्हणाल्याने कोणी ऐकत नाही, तेव्हा पहिल्यांदाच हो म्हण आणि घे. शाकाहारी असशील तर मात्र आठवडाभर आधी नवऱ्याने फोन करून सांगावं, ताटावर बसून सांगितलं की यजमानीण कासावीस होते. जेवण झालं की उठून स्वयंपाकघरात जा, टॉवेल घे आणि भांडी पुसायला लाग. बाहेरच्या खोलीत आठ जण एकदम बोलत असतात, ओट्यापाशी एकच जण असतं, आणि ते एक माणूस हळू बोलतं. मला ज्या चार बायका तिकडे जवळच्या झाल्या त्या सगळ्या भांडी पुसताना. फोनमध्ये लग्नाचे फोटो, तुझ्या आईचा, घराचा फोटो असा वेगळा फोल्डर करून ठेव, लग्नाला आईबाबा आणि बहीण सोडून कोणी येऊ शकलं नाही ना, त्यांना ते बघायचे असतात, मागायला मात्र संकोच वाटतो.

उन्हाळ्यात तिकडे बऱ्याच गावांमध्ये एका रविवारी सगळे आपापल्या माणसांच्या कबरींपाशी जमतात, प्रार्थना होते, मग घरी चहा. तुम्ही असताना असं काही असलं आणि तुला चल म्हणाले तर जा. काही येत नसलं तरी नुसतं उभं राहायचं असतं, आणि त्या घरच्यांना ते विसरता येत नाही.

भेटवस्तूंचं पटकन सांगते. पेढे, बर्फी, तूप नेऊ नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ, मांस बॅगेतून न्यायला बंदी आहे. जून आहे म्हणून हापूसची पेटी न्यावीशी वाटेल, तीही नाही, ताज्या आंब्याला सर्टिफिकेट लागतं. सुती चादरी, वारलीचं काही, चिक्की चालेल. ९ घरांचं ओझं करू नकोस.

आता आजी. डोनिगॉलच्या पश्चिम बाजूला गेल्टॅक्ट भाग आहे, म्हणजे जिथे अजून घरात आयरिश भाषा बोलतात, पाट्याही फक्त आयरिशमध्ये. तुझ्या पत्रावरून वाटतं आजी तिकडच्याच, कारण तू लिहिलंस की नवरा तिच्याशी 'वेगळ्याच भाषेत' बोलतो. तर त्या घरात तू पूर्ण बाहेर पडशील अशी तुला धास्ती असणार. दोन वाक्यं शिकून जा. डोनिगॉलमध्ये कशी आहेस हे विचारतात ते कानाला साधारण 'गोजे मर अता तू' असं लागतं, नवऱ्याकडून नीट घोटून घे. आणि बघ, त्यातलं शेवटचं तू म्हणजे आपलंच तू, तोच अर्थ, फार जुन्या काळी भाषा एकाच घरातल्या होत्या त्याची खूण. थँक यू म्हणजे 'गुरा मा अगत'. ९३ वर्षांच्या बाईला नातसून तिच्या भाषेत कशी आहेस विचारते, पुढचं तुला काही करावं लागणार नाही. तिथे एक घर, एक रात्र असं करू नका, शीटमधली दोन घरं कापून आजीला तीन दिवस द्या.

पाया पडायचं असेल तर पड, पण नवऱ्याने आजीला आदल्या दिवशी फोनवर तिच्या भाषेत सांगून ठेवायला हवं की आमच्याकडे मोठ्यांना असा नमस्कार करतात. माझ्या मुलीने न सांगता केला होता. तिच्या आजेसासूबाईंना वाटलं पोरगी चक्कर येऊन पडली, त्या घाबरून खुर्चीतून उठायला लागल्या, त्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. मग जावयाने समजावलं. त्या परत बसल्या, मुलीला म्हणाल्या पुन्हा कर, आणि दुसऱ्यांदा ती वाकली तेव्हा त्यांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.